बिऱ्हाड पाठीवर घेतलेले गाणे
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जबलपूरहून भेडाघाटाकडे जाताना वाटेत तेवर नावाचे गाव लागते. सहलीच्या बसमधील मुलांचे मन तोवर धुआंधारपाशी पोचलेले असते, त्यामुळे तेवर खिडकीबाहेरच राहते. हे तेवर म्हणजे कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. १९३९ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे त्रिपुरीचे नाव शाळेच्या पुस्तकात आले. पण त्याआधी हजार वर्षे, दहाव्या शतकात, या नगरीत नाटके होत असत. राजशेखर हा त्या काळचा विख्यात नाटककार. त्याचे ‘विद्धशालभंजिका’ हे नाटक कलचुरी राजा युवराजदेव याच्या दरबारासाठी झाले, असे अभ्यासक मानतात. राजशेखराचे घराणे मूळ महाराष्ट्रातले. त्याचा पणजा अकालजलद याला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणत. घराण्याचे नाव यायावर. यायावर म्हणजे सतत हिंडणारा, एका गावी न टिकणारा. त्याला आजच्या अर्थाने मराठी म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही महाराष्ट्रातून निघालेल्या एका भटक्या घराण्यातील कवीचे नाटक नर्मदेच्या खोऱ्यात रंगले होते, हे कळल्यावर तेवरवरून जाणारी बस क्षणभर हळू व्हावी असे वाटल्यावाचून राहत नाही.

आणखी एक गोष्ट याच संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे. संस्कृत नाटकांत स्त्रीपात्रे बोलत शौरसेनी प्राकृतात, पण त्यांना गायचे असले की भाषा बदले आणि पद्य महाराष्ट्री प्राकृतात येई. गाण्याची भाषा महाराष्ट्री, असा तो संकेत. आजची मराठी ज्या भाषेच्या वंशातली, ती भाषा भारतभरच्या रंगमंचांवर गाण्यासाठी वापरली जात होती. ती ऐकणाऱ्या सगळ्यांचे घर काही गोदावरीकाठी नव्हते.

आजचा विषय दोन आवडींचा आहे. एक संगीत नाटकाची, दुसरी सहलीची. आणि सहल म्हणजे देवदर्शनाची यात्रा नव्हे, तर पाळणे, झुलते रूळ, बोटी आणि नकली किल्ले असलेल्या मनोरंजन उद्यानांची सहल. एकाच घरात आजोबांना पहिली आवड असते, नातवंडांना दुसरी, आणि मधली पिढी दोन्हींचा खर्च पाहते. या दोन आवडी परस्परांच्या वैरी आहेत असे समजण्याची रीत पडली आहे. त्या सख्ख्या बहिणी आहेत, हे दाखवून देणे एवढेच आजच्या बोलण्याचे प्रयोजन. तसे मानले तर उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत थोडे बदलावे लागतील, हेही आधीच सांगितलेले बरे.

संगीत नाटकाच्या जन्माची हकीकत प्रसिद्ध आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा गाण्याचा भार सूत्रधारावर असे; तो गाई आणि पात्रे अभिनय व संभाषण करीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पात्रांनाच गायला लावले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आले. पारशी मंडळींचे उर्दू ‘इंद्रसभा’ पाहून अण्णासाहेबांना असे नाटक मराठीत व्हावे असे वाटले, असे रंगभूमीचे इतिहासकार सांगतात. ‘इंद्रसभा’ लखनौची, अमानत यांची. म्हणजे ज्या नाट्यप्रकाराला मराठी मनाने आपले खास लेणे मानले, त्याची ठिणगी उत्तरेतून आलेल्या एका खेळाने पाडली. हिंदी-उर्दूच्या शेजारात वाढलेल्या जबलपूरच्या मराठी माणसाने ही गोष्ट थोड्या अभिमानाने सांगायला हरकत नाही. कथा कालिदासाची, निमित्त लखनौचे, आणि चाली? कीर्तनातली साकी-दिंडी, बायकांच्या ओव्या, लावणीचा ठेका. दोनशेहून अधिक पदे त्या एका नाटकात होती. ‘शाकुंतल’ पाठोपाठ १८८२ साली ‘सौभद्र’ आले आणि मग हे वेड आवरेना.

पण गाण्याइतकेच मोलाचे होते ते मंडळीचे हिंडणे. नाटक कंपनी म्हणजे चालते गाव. ती एखाद्या शहरी जाई तेव्हा नटांबरोबर आचारी, शिंपी, रंगारी, पडदेवाले, पेटीवाले, मुले शिकवणारे मास्तर, भांडीकुंडी, कपड्यांच्या पेट्या आणि लांबच लांब लाकडी दांड्यांवर गुंडाळलेले पडदे असा सारा संसार निघे. गावात ज्या वाड्यात ही मंडळी उतरत त्याला ‘बिऱ्हाड’ म्हणत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण या लोकांना शोभून दिसे. कोपऱ्यात पहाटे तंबोरे जुळत, दुपारी तालमी होत, आणि ज्यांना तिकीट परवडत नसे ती गावातील पोरे बिऱ्हाडाच्या भिंतीला कान लावून चाली उचलत. कित्येक घरांत नाट्यसंगीत शिरले ते असे, भिंतीपलीकडून.

ही मंडळी किती दूर जात, याची साक्ष माणसांच्या जन्मगावांतच सापडते. मास्टर दीनानाथ मंगेशकर गोव्यातील मंगेशीचे. त्यांची बलवंत संगीत मंडळी १९१८ सालची. त्यांची थोरली कन्या लता हिचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला झाला आणि तिच्या पाठच्या आशाचा १९३३ साली सांगलीला. खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ १९१६ साली प्रथम झाले ते पुण्या-मुंबईत नव्हे, कानडी मुलखातल्या हुबळीला. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ बडोद्यात रंगमंचावर आले ते फेब्रुवारी १९१९ मध्ये. नाटककार तोवर गेला होता. २३ जानेवारीला गडकऱ्यांनी देह ठेवला तो सावनेरला, नागपूर जिल्ह्यात. मराठी रंगभूमीचा नकाशा काढायचा झाला तर तो महाराष्ट्र राज्याच्या सीमेत मावत नाही. तो आगगाडीच्या रुळांवरून काढावा लागतो.

या हिंडण्याला स्पर्धेचीही धार होती. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या दोघींचे चाहते एकमेकांचे तोंड पाहत नसत, इतकी ती चुरस. तरीही ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात दोन्ही मंडळ्यांनी मिळून ‘मानापमान’ केले. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. मुंबईबाहेरूनही रसिक त्या एका रात्रीसाठी आले. प्रवासाचा त्रास, मुक्कामाची अडचण, महाग तिकीट, सगळे सोसून आले, कारण हा योग पुन्हा येईल याची खात्री कोणालाच नव्हती. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. संयुक्त ‘मानापमान’ ऐकलेली माणसे पुढे आयुष्यभर ती रात्र सांगत राहिली, आणि ज्यांनी ती ऐकली नव्हती तेही तिच्याबद्दल वाद घालत राहिले. आवड वाटून घेणे म्हणतात ते हेच: एकाने पाहायचे आणि दहांनी त्यावर भांडायचे.

आता दुसऱ्या आवडीकडे वळू. १९२० साली गंधर्व मंडळीने खाडिलकरांचे ‘द्रौपदी’ आणले. त्यातील मयसभेच्या देखाव्यासाठी बालगंधर्वांनी हात इतका सैल सोडला की मंडळी कर्जाच्या ओझ्याखाली वाकली. व्यवहाराच्या दृष्टीने हा वेडेपणाच होता. पण मयसभा ही कल्पनाच अशी आहे की ती मांडणाऱ्याचे भान सुटावे. महाभारताच्या सभापर्वातील दुर्योधन त्या सभेत फिरतो. स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्रे सावरतो आणि खऱ्या पाण्याला जमीन समजून त्यात पडतो. पाहुण्याच्या डोळ्यांना फसवण्यासाठी मुद्दाम बांधलेली जागा, तिच्यात आनंदाने फिरणारे लोक, आणि पडणाऱ्याला पाहून हसणारे इतर. मनोरंजन उद्यानाची व्याख्या याहून निराळी करता येईल का?

कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. तेथील मुख्य रस्त्यावरची घरे पाहणाऱ्याला आहेत त्यापेक्षा उंच वाटतात, कारण वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापाने बांधले आहेत. किल्ल्याच्या बुरुजांचेही तसेच. वर जावे तशा विटा आणि खिडक्या लहान होत जातात, आणि डोळा त्या लहानपणाचा अर्थ अंतर असा लावतो. ही युक्ती मराठी पडदे रंगवणाऱ्यांना पुरती ठाऊक होती. राजवाड्याच्या पडद्यावर खांबांच्या ओळी मागे मागे बारीक होत जात, फरशीचे चौकोन आक्रसत, आणि चार हात खोल रंगमंचावर चाळीस हातांचा दिवाणखाना उभा राही. फरक एवढाच की पडद्यापुढे उभे राहून कोणी गात असे, म्हणून तो दिवाणखाना खरा होई. नट फार मागे सरकला तर त्याचे डोके खांबाच्या शिरोभागाला लागे आणि राजवाडा एकदम बाहुलीघर होई. कुठवर मागे जायचे हे चांगल्या नटाच्या अंगवळणी पडलेले असे.

महाराष्ट्रात १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड झाले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका. इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटावर बेतलेला एक खेळ आहे. म्हणजे आधी कथा, मग तिच्यात शिरण्याची सोय. परदेशी हा संबंध अधिकच जवळचा आहे. डिस्नेचे ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ १९९४ साली आणि ‘द लायन किंग’ १९९७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीत नाटक होऊन आले. ‘लायन किंग’च्या दिग्दर्शिका ज्यूली टेमर यांनी सिंहाचा मुखवटा नटाच्या डोक्यावर ठेवला आणि नटाचा चेहरा उघडा ठेवला; प्राणीही दिसावा आणि त्याला चालवणारा माणूसही. कोकणातल्या दशावताराची ज्यांना सवय आहे त्यांना यात परके काहीच वाटणार नाही. तेथेही गणपतीची सोंड लावलेल्या माणसाच्या पायांकडे पाहत लोक हात जोडतात.

एक मात्र मोठा भेद आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. उद्यानातला झुलता रूळ सकाळी दहाला जसा फिरतो तसाच सायंकाळी पाचला फिरतो. ब्रॉडवेचे गाणेही मापाने ठरलेले. वादकांपुढे स्वरलिपी असते आणि गायकाला तिच्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. मराठी नाट्यपदाचे तसे नाही. बालगंधर्व रंगमंचावर गात तेव्हा तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असत. अशी साथ मागे असताना पद ठरल्या वेळी संपावे अशी अपेक्षा कोण धरणार? रसिकांनी ‘वन्समोअर’ दिला की तेच पद पुन्हा, पण वेगळ्या अंगाने. कालचे ‘सौभद्र’ आणि आजचे ‘सौभद्र’ एक नसे. म्हणून तर लोक तेच नाटक दहा-दहा वेळा पाहत. कथा ठाऊक होती. आज काय होईल ते ठाऊक नव्हते.

जबलपूरकरांना हा भेद समजावून सांगण्यासाठी फार लांब जायला नको. डिस्नेलँडमध्ये एक प्रसिद्ध जलविहार आहे. बोट आपोआप पुढे सरकते, दोहो काठांवर देशोदेशींच्या बाहुल्या एकच गाणे गातात. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी तो बनवला आणि नंतर कॅलिफोर्नियाला हलवला; गाणे रचले शर्मन बंधूंनी, ज्यांनी ‘मेरी पॉपिन्स’ची गाणी केली. आणि भेडाघाटाला पंचवटी घाटावरून सुटणारी नाव? संगमरवराचे कडे दोहो बाजूंनी चढत जातात, बंदरकूदनीपाशी ते इतके जवळ येतात की माकडे उडी मारून पलीकडे जात अशी आख्यायिका आहे, आणि वल्ही मारता मारता नावाडी यमके जुळवीत हिंदीतून सगळी कहाणी सांगतो. कोणत्या खडकात कोणता प्राणी दिसतो, कोणत्या चित्रपटाचे चित्रण कुठे झाले, कोणत्या नायिकेने कुठे पाय सोडले. राज कपूरच्या ‘जिस देश में गंगा बहती है’चे नाव त्यात हटकून येते. श्रोते हसले की नावाडी आणखी चढतो. नावेत शाळकरी मुले असली तर यमके बदलतात, नवे जोडपे असले तर निराळी निघतात. हा नावाडी नांदी म्हणणाऱ्या सूत्रधाराचा दूरचा नातलग आहे. विद्यार्थ्यांना ‘वन्समोअर’ म्हणजे काय हे शिकवायचे असेल तर भेडाघाटाची एक फेरी पुरे.

तरीही जबलपूरच्या मराठी घरात प्रश्न उरतोच, आणि तो जरा कठीण आहे. मराठी माणूस येथे आला तो टप्प्याटप्प्याने. पेशव्यांच्या सागरच्या सुभेदारांबरोबर, मग नागपूरकर भोसल्यांबरोबर. १८१७ च्या अखेरीस इंग्रजी अंमल आल्यावर कचेऱ्यांत. १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरला जोडला गेल्यावर रेल्वेत. पुढे तोफगाडी कारखान्यात, शाळा-महाविद्यालयांत, न्यायालयात. मध्यप्रांत व वऱ्हाड एक होते तोवर राजधानी नागपूर होती, आणि नागपूरला जाणे म्हणजे परगावी जाणे नव्हते. सातपुड्यातून नैनपूरमार्गे जाणाऱ्या छोट्या लाइनने कोणी लग्नाला जाई, कोणी परीक्षेला, कोणी नाटकाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले आणि नागपूर दुसऱ्या राज्यात गेले. नकाशावर एक रेघ ओढली गेली. तिचा परिणाम घराघरांत हळूहळू उतरला. मराठी वर्तमानपत्र उशिरा येऊ लागले, नागपूरच्या शाळांशी नाते सुटले, नाटकांच्या दौऱ्यांचे रस्ते बदलले. छोटी लाइन तर आता राहिलीच नाही; तिच्या जागी मोठे रूळ आले.

अशा काळात मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालणे ही लहान गोष्ट नव्हे. पण शाळा भाषा देऊ शकते. भाषेचा नाद कानाला लागायला घर आणि गाव लागते. येथले मूल ‘तो गाऊन राहिला आहे’ असे म्हणते. पुण्याच्या पाहुण्यांना हसू येते, येऊ द्यावे. त्या वाक्यात दोनशे वर्षांच्या शेजाराचा इतिहास आहे. चिंतेची बाब निराळी आहे. हे मूल देवनागरी अस्खलित वाचते, मराठीत पेपर लिहिते, आणि नाट्यपद लागले की उठून जाते. त्याचे आजोबा ते पद गुणगुणत असतात, त्याला ते कोणत्या नाटकातले, कोण कोणाला म्हणते आहे, काहीच माहीत नसते. आजोबा गेले की घरातले ते गाणेही जाते. ध्वनिमुद्रिका उरतात, पण त्या लावायची कोणाला गरज वाटत नाही. किती घरांतून ते गेले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: मुलांना ती भाषा कळत नाही, संस्कृतप्रचुर आहे. हे उत्तर टिकत नाही. ‘फ्रोझन’ हा चित्रपट २०१३ साली आला तेव्हा इंग्रजीचा गंधही नसलेल्या बालवाडीतल्या मुलींनी त्यातली गाणी पाठ केली. मुले आधी गाणे घेतात, अर्थ मागाहून येतो. ‘कट्यार काळजात घुसली’चा अनुभव हेच सांगतो. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली आले, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे, ज्यांचे बालपण नागपूरला गेले. २०१५ साली त्याचा चित्रपट निघाला तेव्हा नाटक कधी न पाहिलेली तरुण मुले चित्रपटगृहातून गात बाहेर पडली. त्यातील उर्दूमिश्रित संवाद पुण्यातल्या मुलांना समजून घ्यावे लागले असतील. जबलपूरच्या मुलांना ते ओळखीचे आहेत.

अर्थात संगीत नाटकाचे दोषही मोकळेपणाने मान्य करायला हवेत. कथा ऐन रंगात आली असताना नायक थांबून तीन पदे म्हणतो, तेव्हा आजच्या प्रेक्षकाचा जीव कासावीस होतो, आणि त्याची चूक नाही. ‘वन्समोअर’च्या हौसेने कित्येक नाटकांचे नाटकपण संपवले. बोलपट आला आणि मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या, त्याचे खापर एकट्या बोलपटावर फोडणे बरोबर नाही. १९३५ साली खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’ या चित्रपटात एकनाथ झाले. नंतर ज्यांनी हे नाटक जगवले त्यांनी ते कापले, घट्ट केले. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ साली ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली आणि बिऱ्हाड पुन्हा पाठीवर घेतले. कन्या कीर्ती शिलेदारांनी ते पुढे चालवले. विद्याधर गोखल्यांचे ‘मंदारमाला’, कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ ही साठच्या दशकातली नाटके काही तासांत संपणारी होती. रात्रभर जागणे हा आता इतिहास आहे आणि तो इतिहासच राहावा.

इंदूरच्या मराठी रसिकांनी या बाबतीत वाट घालून दिली आहे. तेथे ‘सानंद’ ही संस्था सभासदांसाठी मराठी नाटके बोलावते, आणि एकाच नाटकाचे लागोपाठ अनेक प्रयोग करते, कारण सगळे सभासद एका प्रयोगात मावत नाहीत. जबलपुरात मराठी घरे तेवढी नाहीत, हे खरे. पण शहीद स्मारक आहे, मानस भवन आहे, तरंग आहे; सभागृहांची वाण नाही. आणि जेथे नाटक येऊ शकत नाही तेथे प्रेक्षकाने नाटकाकडे जावे. पूर्वी मंडळी बिऱ्हाड घेऊन निघत. आता ती पाळी रसिकांची.

यात अशक्य असे काही नाही. मराठी माणसाने सामुदायिक सहलीचे तंत्र केव्हाच आत्मसात केले आहे. केसरी टूर्स १९८४ सालची. तेव्हापासून मराठी कुटुंबे गटागटाने युरोप-अमेरिका पाहून आली, बरोबर मराठी बोलणारा व्यवस्थापक आणि जमल्यास पिठले-भाताची सोय. आचारी बरोबर घेऊन हिंडणाऱ्या नाटक मंडळीचाच हा नवा अवतार म्हणायचा. जबलपूरहून मुंबईला गरीब रथ जातो. उन्हाळ्यात त्या गाडीने उद्यान पाहायला जाणाऱ्या कुटुंबाने एक संध्याकाळ नाट्यगृहासाठी राखून ठेवली तर खर्चात फारसा फरक पडत नाही. २०२३ साली मुंबईच्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात ‘द साउंड ऑफ म्युझिक’चे प्रयोग झाले; ज्यांना इंग्रजी संगीत नाटक पाहायचे त्यांना त्यासाठी आता सातासमुद्रापलीकडे जाण्याची गरज नाही. दुपारी पाळण्यात ओरडलेले मूल संध्याकाळी नांदी ऐकत बसणार नाही, अशी शंका काहींना येईल. बसते. दमलेले असते, म्हणून अधिक शांत बसते.

माजी विद्यार्थ्यांनी पहिला बेत मात्र नागपूरचाच करावा. रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, सिवनीवरून. पहिले नाटक ‘सौभद्र’ असावे, कारण त्यात बहिणीचे लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरवणारा मोठा भाऊ आहे, खोटा संन्यासी झालेला प्रियकर आहे, आणि सगळ्यांना एकमेकांविरुद्ध खेळवणारा धाकटा भाऊ, कृष्ण आहे. हे नाते समजायला कोणत्याही मुलाला शब्दकोश लागत नाही. कथा बसमध्येच सांगावी. चार पदे जाता जाता ऐकवावी, म्हणजे नाट्यगृहात ती ओळखीची निघतात आणि मूल शेजाऱ्याला कोपर मारून सांगते, ‘हे आपण ऐकलं होतं.’ वाटेत मनसरहून थोडे वळले की रामटेक. मेघदूतातला यक्ष जेथे विरहाचे वर्ष काढतो तो रामगिरी हाच, असे पुष्कळ विद्वान मानतात; आणि त्याने पाठवलेला मेघ उत्तरेकडे निघतो तो रेवा पाहत, म्हणजे जबलपूरकरांची नर्मदा. ज्या कवीच्या नाटकाने संगीत रंगभूमी सुरू झाली, त्याच कवीचा मेघ या रस्त्याने उलट दिशेने गेला, हे गडावरून तलाव पाहताना मुलांना सांगता येईल. डबे तेथेच उघडावेत. नागपूरला चार वाजेपर्यंत पोचले की मुलांना हात-पाय धुऊन, कपडे बदलून, तिसऱ्या घंटेच्या आधी आपापल्या खुर्च्या शोधायला पुरेसा वेळ मिळतो.